मचूळ पाणी

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. खारट म्हणता येणार नाही, पण प्यायल्यावर जिभेवर जडपणा राहतो, डाळ शिजायला वेळ लागतो आणि पातेल्याच्या तळाला पांढरी पुटं धरतात. नव्या पाहुण्याला पहिले दोन दिवस हे पाणी उतरत नाही. आमच्या खालच्या अंगाला आबांची विहीर आहे, तिचंही पाणी तसंच. आबा माझे चुलत चुलते. दोन विहिरींत दीड-पावणेदोनशे पावलांचं अंतर. दोन्हींचा झरा एकच आहे, असं दादा, म्हणजे माझे वडील, नेहमी म्हणायचे. पाण्याची ही चव आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिचीच साक्ष निघाली.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, मोसंबीच्या पट्ट्यात. इथला सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात आहे. पण सरासरीवर पीक येत नाही. एखाद्या वर्षी तो चार दिवसांत ओतून मोकळा होतो, एखाद्या वर्षी पोळा आला तरी ओढा वाहत नाही. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी धरतो तो मुरूम आणि खडकातल्या भेगा. ही पिशवी फार लहान आहे. चांगल्या पावसात लवकर भरते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर रिकामी होते. हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलं.

२०१२ ला पाऊस गेला. आमची सहाशे झाडांची बाग होती, दादांनी लावलेली, बारा वर्षांची. मोसंबीवाल्याला तहान नवी नसते. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावाच लागतो. पाणी तोडायचं, झाड सुकत आलं की परत पाणी सोडायचं, मग फूल येतं. पण तो ताण मोजून दिलेला असतो. २०१३ च्या फेब्रुवारीत आमची विहीर आठ परस खोल असूनही तळाला गेली, आणि त्यानंतरचा ताण कुणाच्या हातात नव्हता. आधी पानांच्या पुंगळ्या झाल्या. मग पानं हिरवट-करडी होऊन झाडावरच वाळली. एरवी झाडाचं पान पिवळं पडतं आणि गळतं. तहानेनं मेलेल्या झाडाचं पान गळतसुद्धा नाही, वारा आला की कागदासारखं वाजतं. रात्री आखाड्यावर झोपलं की तो आवाज ऐकू यायचा.

मी टँकर विकत घेतले. एका टँकरला हजार, पुढं दीड हजार, पुढं माणूस सांगेल तो भाव. सहाशेला पुरणार नव्हतं, म्हणून मी बागेतून फिरलो आणि कुंकवाचं बोट लावावं तसं चुन्याचं बोट लावत गेलो. चुना लागला ते जगवायचं. दोनशे साठ झाडांना चुना लावला. बाकीची तीनशे चाळीस मे महिन्यात तोडली आणि सरपणाच्या भावानं दिली. दादा त्या दिवशी शेतात आले नाहीत. ते घरी ओसरीवर बसून होते आणि ट्रॅक्टर दारावरून गेला तेव्हा उठून आत गेले. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते वारले. बागेपायी गेले असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं. पण बाग पाहून गेले असते तर बरं झालं असतं.

पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यानंतर माझ्या डोक्यात होतं. २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही दहा-बारा जण जीप करून कडवंचीला गेलो. आमच्याच जिल्ह्यातलं गाव, द्राक्षाचं. तिथली शेततळी तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून लोक बघायला येत होते. शिवारात जिकडं बघावं तिकडं निळं-काळं पाणी. उन्हातून गेलेल्या माणसाच्या डोळ्याला ते इतकं गार लागलं की मी परतीच्या वाटेवर जीपमध्येच ठरवून टाकलं. मात्र त्या गावात १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाणलोटाचं काम झालं होतं. बांध घातले होते, चर खणले होते, नाले अडवले होते. तळी आली ती त्यानंतर. आम्हाला हेही तिथं सांगितलं होतं, एका बांधावर उभं करून दाखवलंही होतं. मी मान डोलावली आणि तळ्याचं माप विचारलं. पाहायला गेलो होतो ते पाहिलं आणि कामाचं होतं ते मागं राहिलं.

योजनेची वाट पाहण्याइतका धीर नव्हता. 'मागेल त्याला शेततळे' त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ मध्ये आलं. मी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि पोकलेन बोलावला. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, बाजूंना उतार. अशा तळ्यात जवळपास बावीस लाख लिटर पाणी मावतं. वर पाचशे मायक्रॉनचा कागद. कागद म्हणजे जाड काळं प्लॅस्टिक, आमच्याकडं सगळे त्याला कागदच म्हणतात. त्यालाच लाखाच्या पुढं गेले. कागद अंथरताना एक खडा राहिला तरी पाण्याच्या वजनानं तो वर येतो, म्हणून आम्ही सहा जणांनी तळ्याचा तळ हातानं झाडला, गुडघ्यावर बसून, ओटा सारवावा तसा. कडेला हातभर चारी खणून कागदाची कड तिच्यात दाबली. तळं तयार झालं तेव्हा आईनं नारळ फोडला.

आणि मग ते भरलं विहिरीतून.

त्या वर्षीही पाऊस बेताचाच होता. ओढ्याला दोनदा पाणी आलं, पण तळं बांधलं होतं शेताच्या चढाच्या कोपऱ्यात, कारण तिथून ठिबकला पाणी सोडायला सोपं होतं. ओढ्याचं पाणी तिथं चढणार कसं? विहीर मात्र पोळ्यानंतर थोडी भरली होती. पाच हॉर्सपॉवरची मोटार तासाला पंचवीस-तीस हजार लिटर टाकते. विहीर तीन तास चालायची, बसायची, परत झरायची. रात्रीची लाइट असली की मी दोनला उठून मोटार चालू करायचो. महिन्याभरात तळं काठोकाठ झालं. २०१५ च्या उन्हाळ्यात माझी दोनशे साठ झाडं हिरवी राहिली. लोक बघायला यायला लागले, जसा मी कडवंचीला गेलो होतो तसे. मी त्यांना माप सांगायचो, खर्च सांगायचो. पाणी कुठून आलं हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गावात दुसऱ्या वर्षी आणखी चौदा तळी झाली.

२०१५ चा पाऊसही वाईट गेला. मी सप्टेंबरातच मोटार सुरू केली, कारण उशीर केला तर विहीर भरणार नाही हे कळत होतं. शिवारातल्या पंधराही तळ्यांचे मालक तसंच करत होते. भीती ही की आपण नाही ओढलं तर दुसरा ओढेल. मी त्या हंगामात एक बोअरही घेतला. भूजलाचा कायदा साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाऊ नका म्हणतो. मी साडेचारशे फूट गेलो. शेवटच्या दोनशे फुटांत नुसता फुफाटा उडाला, पांढरा पिठासारखा, आणि जवळच्या झाडांवर जाऊन बसला.

आबांची विहीर पूर्वी गुढीपाडव्यापर्यंत जायची. त्या वर्षी ती नाताळाच्या सुट्टीत आटली. त्यांच्याकडं बाग नाही. दोन एकर ज्वारी, अर्धा एकर कांदा, दोन म्हशी. कांदा करपला.

फेब्रुवारीत एका सकाळी ते माझ्या तळ्यावर आले. कुंपणाचं फाटक मीच उघडलं. ते काठावर उकिडवे बसले, एका हातानं दोरी धरली, दुसऱ्या हातानं ओंजळभर पाणी घेतलं. मला वाटलं तोंड धुतील. त्यांनी ते प्यायलं. मी म्हणालो, "आबा, हे पिऊ नका, शेवाळ हाय." त्यांनी तोंड पुसलं.

"आपल्या हिरीचं हाय," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही.

"पावसाचं असतं तर गोड लागलं असतं," ते म्हणाले. "हे आपलं मचूळ हाय."

'आपलं' म्हणाले ते. 'माझं' किंवा 'तुझं' म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. माझी विहीर, माझी मोटार, माझं बिल, माझ्या बायकोच्या पाटल्या; सगळी उत्तरं माझ्याकडं तयार होती. ते उठले, म्हशींना पाणी पाजायला कधी आणू विचारलं आणि गेले. त्या दिवसापासून त्यांच्या म्हशी संध्याकाळी माझ्या हौदावर यायला लागल्या. पुढं पुढं गल्लीतली बाकीची जनावरंही.

मार्चपासून गावात सरकारी टँकर सुरू झाला. आमचं गाव एकोणीसशे वस्तीचं. टँकरचा हिशोब माणशी दिवसाला वीस लिटर. टँकर शाळेजवळच्या कोरड्या आडात ओतला जायचा आणि बाया तिथून शेंदायच्या. रस्ता माझ्या शेताला लागूनच. टँकरमागं पोरं पळायची, गळकी तोटी कुठं आहे हे त्यांना बरोबर माहीत असायचं. रस्त्याच्या एका बाजूला ही पोरं आणि दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणात माझं तळं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी निघालं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वॅगनची गाडी जायला लागली, पंचवीस लाख लिटरची. टीव्हीवर ते दाखवत होते आणि माझ्या मनात आपोआप भागाकार झाला. लातूरसारख्या शहराला ज्या गाडीची बातमी झाली, तेवढं पाणी जवळपास माझ्या एका तळ्यात मावत होतं.

त्याच महिन्यात आणखी एक हिशोब झाला. डीपी जळाल्यामुळं दोन दिवस लाइट नव्हती, ठिबक बंद होतं. तळ्यात मी एक लोखंडी पाइप रोवला होता, त्यावर ऑइलपेंटनं सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. पाणी कुठंही गेलेलं नसताना दोन दिवसांत पाइपावर दीड सेंटिमीटरहून जास्त पाणी उतरलेलं दिसलं. ते उन्हानं नेलं होतं. तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग अठ्ठावीस बाय अठ्ठावीस मीटरच्या आसपास होता. दिवसाला आठ मिलिमीटर धरले तरी सव्वासहा हजार लिटर होतात. टँकरच्या हिशोबानं तीनशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी, रोज, नुसतं हवेत. मी ते बिडीच्या पाकिटावर लिहिलं आणि परत मांडून पाहिलं, कारण पहिल्यांदा चूक झाली असं वाटलं. जमिनीच्या पोटात होतं तोवर या पाण्याला ऊन लागत नव्हतं. मी ते वीज जाळून वर काढलं आणि उन्हात ठेवलं.

त्या रात्री आईजवळ हे बोललो. आईला आकडे कळत नाहीत, पण पाणी कळतं. १९७२ च्या दुष्काळात ती आणि दादा गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर होते. मी चार वर्षांचा होतो, मला पाटीत बसवून न्यायची. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी, जी कोमट असेतोवरच खाता यायची. तो तलाव अजून आहे, गाळानं निम्मा भरलेला. आई म्हणाली, "तवा तळं केलं ते पाणी जमिनीत जावं म्हणून केलं. साहेब येऊन बघायचा, जिरतंय का. तुमी आता खाली कागद घालता, जिरू नये म्हणून." तिनं टोमणा मारला नाही, ती विचारत होती. दोन्हींना तळंच म्हणतात, आणि दोन्ही दुष्काळासाठीच, मग काम उलटं कसं? मला तिला नीट उत्तर देता आलं नाही.

आम्ही जालन्याची माणसं जायकवाडीच्या पाण्यासाठी दर दुष्काळात आवाज उठवतो. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी आमचं पाणी अडवलं, समन्यायी वाटप करा, कायदा आहे, प्राधिकरणाचा आदेश आहे. मी स्वतः त्या मोर्चात घोषणा दिल्या आहेत आणि ती मागणी मला आजही पूर्ण न्याय्य वाटते. पण आबांच्या विहिरीच्या वर नाशिक-नगर नाही, मी आहे. हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

२०१६ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उशिरानं का होईना, धो धो पाऊस झाला. ओढा दोन आठवडे वाहत होता. मी त्या वर्षी विहिरीची मोटार तळ्याला लावली नाही. ओढ्यात दुसरी मोटार टाकली, पूर ओसरताना गढूळपणा कमी झाला की चालवली, आधी एका खड्ड्यात गाळ बसू दिला आणि मग तळ्यात घेतलं. तळं भरलं. काठावर बसून मी पहिल्यांदा त्याचं पाणी चाखलं. त्यात मातीचा वास होता, पण चव गोड होती.

पुढच्या वर्षी आम्ही पाच घरं, एका झऱ्याच्या रेषेवरची, हिवरे बाजारला जाऊन आलो. तिथं सिंचनासाठी बोअर घेत नाहीत, आणि पावसाळा झाला की पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते गावात ठरतं. ताळेबंदाचा फळा पाहून आबा बराच वेळ उभे होते. आम्हाला तेवढं सगळं जमणार नव्हतं. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावातून पाणी पंचायत उभी केली; तिथं पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला आणि ऊस बंद ठेवला. हे मी ग्रामसभेत सांगितलं. एक तरुण उठला. त्यानं द्राक्षासाठी कर्ज काढलं होतं, तळंही कर्जाचं. तो म्हणाला, "काका, तुमची झाडं विहिरीच्या पाण्यावर जगली, मग तुम्हाला हे सुचलं. माझी जगू द्या, मग मीही बोलतो." सभा तिथंच संपली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि माझ्याकडं त्याच्या हप्त्याचं उत्तर नव्हतं. आज आमच्या शिवारात चाळीसेक शेततळी आहेत. त्यांतली पावसाच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावर भरतात ती सात-आठ.

पण आम्ही पाच घरांनी एक गोष्ट ठरवली. एक दोरी केली, हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड. सरकारची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आम्ही दर अमावास्येला पाचही विहिरी मोजतो. किती गाठी कोरड्या आल्या ते वहीत लिहायचं. वही आबांकडं असते. दिवाळीच्या अमावास्येचा आकडा पाहून कुणी किती तास मोटार चालवायची ते बोलायचं. आणि विहिरीतून तळं भरायचं नाही. पहिल्या वर्षी एकानं रात्री भरलं. पुढच्या अमावास्येला दोरीनं ते सांगितलं. कुणी काही बोललं नाही. त्यानं परत केलं नाही.

२०१८ ला पुन्हा पाऊस रुसला. ओढा एकदाच वाहिला, तळं जेमतेम तिसऱ्या हिश्श्यानं भरलं. विहिरीत तेव्हा पाणी होतं. दोन पावलांवर मोटार, खिशात किल्ली. त्या ऑक्टोबरात माझी जेवढी झोप गेली तेवढी २०१३ मध्येही गेली नव्हती. शेवटी मी परत चुना घेतला. दोनशे साठमधली शंभर झाडं काढली, या वेळी मरायच्या आधी, फळ उतरवून. त्या जागी सीताफळ लावलं, त्याला उन्हाळ्यात पाणी लागत नाही. उरलेल्या झाडांच्या आळ्यात सोयाबीनचं भुसकट वीतभर जाड टाकलं.

एप्रिल २०१९ मध्ये एका पहाटे कुत्री तळ्याकडं भुंकत होती. जाऊन पाहिलं तर पाण्यात रोही. नीलगाय म्हणतात ती. तहानेनं तार वाकवून आत आला होता आणि कागदावरून घसरला होता. ओला कागद साबणासारखा असतो, त्यावर पाय ठरत नाही. माणसाचाही नाही. आमच्या भागात पोरं अशी गेली आहेत, पोहता येणारी पोरंसुद्धा, कारण कडेला धरायला काहीच नसतं. म्हणून मी चारही बाजूंनी गाठींचे दोर आणि दोन टायरच्या ट्यूब कायम टाकून ठेवतो. तळं असणाऱ्या प्रत्येकानं आधी हे करावं, पाणी नंतर भरावं. रोह्याला दोर कळत नाही. तो धापा टाकत कडेला येत होता, पुढचे खूर मारत होता आणि परत मागं जात होता. डोळे पांढरे झाले होते. आम्ही सात जणांनी पोत्यांचा रस्ता केला, फास टाकला आणि तासाभरानं तो वर निघाला. थरथरत उभा राहिला, मग एकदम सुटला, कुंपण घेऊन.

त्याच्या खुरांनी कागद चार ठिकाणी फाडला होता. पाण्याच्या पातळीखाली. दुपारी पाइपावरच्या खुणा भराभर उघड्या पडायला लागल्या. शिवायचं तर आधी पाणी काढावं लागतं आणि काढून ठेवणार कुठं? शक्य तेवढं मी झाडांना सोडलं, हौद भरले, शेजाऱ्यांना पाइप टाकू दिले. तरी बरंचसं खालच्या मुरमात गेलं. पाच दिवसांत तळ उघडा पडला. काळा कागद, त्यावर वाळत चाललेला गाळ आणि त्यात रोह्याच्या खुरांचे ठसे. मी कडेला बसून राहिलो. रडलोही.

चार दिवसांनी अमावास्या होती. मी दोरी घेऊन गेलोच नाही. आबा स्वतः आले, वही घेऊन. त्यांची विहीर मागच्या वेळेपेक्षा तीन गाठी वर होती. भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना. "चव घेऊन बगितली," ते म्हणाले. "गोड हाय."

त्या उन्हाळ्यात आबांच्या म्हशी त्यांच्याच विहिरीवर पाणी प्यायल्या, आणि मी माझी उरलेली झाडं जगवायला जून लागेपर्यंत त्यांच्याच विहिरीतून दिवसाआड तासभर पाणी घेतलं. त्यांनीच वायर ओढून दिली. एकशे साठपैकी एकशे छत्तीस जगली.

कागद मी परत शिवला नाही. शाबूत होता तेवढा कापून घेतला आणि पंधरा बाय पंधराचं लहान तळं केलं, त्यात चार लाख चाळीस हजार लिटर मावतात. फळ काढणीला आल्यावर शेवटचे तीन आठवडे भागवायला ते पुरतं. जुना मोठा खड्डा तसाच उघडा ठेवला. ओढ्याच्या वरच्या वळणापासून चर खणून त्याला वाट दिली, तोंडाशी दगडाची पाळ केली. ऑक्टोबर २०१९ चा परतीचा पाऊस सगळ्यांच्या सोयाबीनला मारून गेला, पण तो खड्डा तीनदा भरला आणि तीनदा जिरला. पाणी डोळ्यांसमोर राहत नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो. येणाऱ्या माणसाला दाखवायला माझ्याकडं आता निळं काही नाही, कोरडा खड्डा आहे. अजूनही काही जण विचारतात, कागद का काढलास. मी त्यांना वही दाखवतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये महिनाभर ढग नुसते वरून गेले. पाऊस गेल्यावर काय होतं ते २०१३ ला आणि २०१६ ला पाहिलं होतं, त्यामुळं दिवाळीच्या अमावास्येला आम्ही पाच जण आबांच्या ओसरीवर बसलो तेव्हा फार बोलणं झालं नाही. रब्बीचा गहू कुणीच पेरला नाही. ज्वारी आणि हरभरा, तेही निम्म्यावर. मोसंबीचा बहार मी सोडून दिला, झाडं जगली तरी पुरे.

२०२४ च्या मे महिन्यात गावाला टँकर होता. आमच्या आईला आता दिसत नाही, पण टँकरच्या पाण्याचा चहा तिला ओळखू येतो. अमावास्येला संध्याकाळी आबांच्या विहिरीवर गेलो. आबांना आता वाकता येत नाही, त्यांच्या नातवानं दोरी सोडली. आम्ही वर उभे राहून गाठी मोजत होतो. दगड पाण्याला लागल्याचा आवाज आला. नातवानं दोरी ओढली, ओल्या टोकापासून हात फिरवत वर आला आणि म्हणाला, "एकोणीस कोरड्या."

आबांनी वही उघडून मागचं पान पाहिलं. "म्हंजी चार हात पाणी हाय अजून," ते म्हणाले, आणि मला विचारलं, "उद्या लाइट दिवसाची का रातची?"

"रातची," मी म्हणालो.

"मग आधी तू लाव. दोन तास. मी पहाटं लावतो."